कौलारू घराला वाढीव खोली : आढ्याचा भार कुठं उतरवायचा

बेळगावच्या पूर्वेला, बैलहोंगल-सौंदत्तीच्या काळ्या रानात, जुनी घरं धाब्याची. पश्चिमेला खानापूरच्या पुढं, जांबोटी-कणकुंबीच्या अंगाला गेलं की धाबं टिकत नाही. पाऊस तेवढा मोठा आहे, तिथं छप्पर उतरतंच लागतं. ही खोली त्या पट्ट्यातली. जुनं घर कौलारू, भिंती चिऱ्याच्या पण चिऱ्यांमधले सांधे मातीचे, आणि परड्याच्या बाजूला नवी खोली काढायची होती. आत १४ फूट रुंद, १८ फूट लांब. ९ इंची भिंती सिमेंटमध्ये बांधलेल्या, वर मंगलोरी कौलं. खाली सीलिंग नको, आतून थेट कौलांपर्यंत मोकळी उंची हवी, ही घरच्यांची अट. सगळी अडचण त्या एका अटीतून आली, म्हणून ती आधीच सांगितली.

पंचायतीकडचं काम इथं लांबवत नाही. मिळकतीचा पंचायतीतला उतारा आपल्या नावावर आहे ना, हद्दीपासून सोडायचं अंतर किती, हे पीडीओंकडून (पंचायत विकास अधिकारी) लेखी घेतलं की पुढं जाता येतं.

सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा येतं ते हे : जुनं छप्परच पुढं ओढत न्यायचं, पडवीसारखं. इथं ते जमत नव्हतं. जुन्या वळचणीची कड जमिनीपासून ८ फुटांवर, ती भिंतीपासून २ फूट पुढं आलेली. तिथून आणखी १६ फूट पुढं ३० अंशांच्या उताराने गेलं तर छप्पर सव्वानऊ फूट खाली येतं, म्हणजे जमिनीत जातं. शेवटी ६ फूट उंची राखायची म्हटली तर उतार जेमतेम ७ अंश उरतो. मंगलोरी कौलाला आमच्या पावसात २५ अंशांखाली उतार देऊ नये. वारा कौलाच्या सांध्यातून पाणी वर ढकलतो आणि ते रिपांवरून (कौलं ज्यांवर टेकतात त्या आडव्या पट्ट्या) आत गळतं. पडवी ८-१० फुटांपर्यंत ठीक, आणि तीही जुनी वळचण उंच असेल तर. त्यामुळे नव्या खोलीला स्वतःचं आढं (दोन उतारांच्या माथ्याची आडवी तुळई) हवं, जुन्या आढ्याला काटकोनात, हे ठरलं.

आता आढं आलं की प्रश्न येतो रेट्याचा. दोन वासे वर एकमेकांना टेकवून खाली भिंतींवर ठेवले की ते पाय फाकवल्यासारखे बाहेर सरकू पाहतात. भिंत उभा भार सहज घेते, आडवा घेत नाही. आकड्यात बघा. भिंतीच्या मध्यापासून मध्यापर्यंत रुंदी ४.५ मीटर, उतार ३० अंश, म्हणजे आढ्याची उंची भिंतीच्या माथ्यापासून १.३ मीटर, साधारण सव्वाचार फूट. आयएस ८७५ या इमारतीवरच्या भारांच्या भारतीय मानकाच्या पहिल्या भागात मंगलोरी कौलं रिपांसह उताराच्या चौरस मीटरला सुमारे ६५ किलो धरतात. सपाट मापावर आणलं की ७५. त्यात वासे आणि इतर १५. याच मानकाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे ३० अंशाच्या छपरावर माणसांचा, दुरुस्तीचा भार ४० किलो. एकूण चौरस मीटरला १३० किलो. यावरून बाहेरचा रेटा निघतो भिंतीच्या प्रत्येक धावत्या मीटरला सुमारे २५० किलो. आणि तो येतो ९ फूट उंचीवर, भिंतीच्या माथ्याशी. ९ इंची भिंत स्वतःच्या आणि छपराच्या वजनावर त्याचा जेमतेम चौथा हिस्सा पेलते. बाकीच्या तीन हिश्श्यांचं उत्तर आपण द्यायचं असतं.

हे उत्तर न देता बांधलेल्या खोल्या या भागात पुष्कळ दिसतात. पहिल्या पावसाळ्यात काही होत नाही. कौलं पाणी पितात, वजन वाढतं, भिंत केसभर बाहेर जाते. दोन-तीन वर्षांत आढ्याची रेषा मधोमध खाली आलेली दिसते, आडव्या भिंतीशी कोपऱ्यात वरून खाली रुंदी कमी होत जाणारी फट पडते, आणि कोने (आढ्यावर बसणारी टोपीसारखी कौलं) उघडे पडून आढ्यातूनच गळू लागतं. लोक कोन्यांना पुन्हा सिमेंट लावतात. रोग मात्र भिंतीच्या माथ्याशी असतो.

रेटा अडवायचे मार्ग मोजके आहेत. एक, वाशांच्या पायांना समोरासमोर आडव्या तुळईने बांधायचं, म्हणजे कैची. दोन, आढंच इतकं दणकट करायचं की वाशांची वरची टोकं त्यावर बसतील आणि खाली सरकणारच नाहीत. वरचं टोक खाली येत नसेल तर खालचं बाहेर जात नाही.

जुन्या घरात सुतारांनी दुसरा मार्ग घेतलेला आहे. मातीच्या भिंतींवर रेटा चालणार नाही हे त्यांना माहीत होतं. माजघरातला मधला खांब वर थेट आढ्याला भिडलेला असतो, वासे आढ्यावर बसलेले असतात, भिंत फक्त वाशाचं खालचं टोक धरते. शंभर वर्षं भिंती ओळंब्यात राहिल्या त्या यामुळं. नवं काम काढण्याआधी जुन्या घराच्या माळ्यावर बॅटरी घेऊन तासभर बसावं, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. कोणता भार कुठून उतरतो ते तिथं उघडं दिसतं.

कैचीचा विचार नीट केला. १८ फुटांत दोन कैच्या, सुमारे पावणेसहा फुटांवर, आणि दोन टोकांना आधार. प्रत्येक कैचीच्या टोकाला सव्वासहाशे किलोच्या आसपास भार, तोही सरळ खाली. त्याखाली चिऱ्याच्या भिंतीत काँक्रीटचा ठोकळा घालावा लागतो, कारण चिरा एका जागी आलेल्या भाराखाली चुरतो. लोखंड कमी लागतं. पण आडवी तुळई ९ फुटांवर खोलीभर दिसते आणि मोकळ्या उंचीची अट मोडते. मग कुणीतरी सुचवतं, तुळई वर उचला, अर्ध्या उंचीवर लावा, ‘ए’ अक्षरासारखी. हे फार ठिकाणी केलं जातं आणि बहुतेक ठिकाणी हिशेब न करता. तुळई अर्ध्या उंचीवर नेली की तिच्यातला ताण दुप्पट होतो. शिवाय तिच्याखालचा वाशाचा तुकडा सुटा राहतो, भिंतीवरचा रेटा त्या तुकड्याला वाकवूनच तुळईपर्यंत पोचतो. त्यासाठी वासे दीडपट-दुप्पट जाड करावे लागतात. त्याहून वर, आढ्याच्या जवळ लावलेली पट्टी वाऱ्यात दोन वासे एकत्र धरून ठेवते, रेटा ती अडवत नाही. खोली २२ फुटांहून लांब असती तर कैच्याच घेतल्या असत्या. १८ फुटांना आढं परवडतं.

आढ्याचा हिशेब सोपा आहे, कुणीही कागदावर मांडू शकतो. आढ्यावर दोन्ही पाख्यांचा (छपराच्या उतारांचा) अर्धा-अर्धा भार येतो, म्हणजे २.२५ मीटर रुंदीचा. १३० गुणिले २.२५, सुमारे २९५ किलो, आणि आढ्याचं स्वतःचं वजन मिळून मीटरला ३१० किलो. जुन्या भिंतीपासून नव्या त्रिकोणी भिंतीपर्यंत टेकूंमधलं अंतर ५.७ मीटर.

लाकूड घ्यायचं तर ६ बाय १२ इंचांचं २० फुटी नाट (अखंड लाकडी तुळई) लागत होतं. घनफूट १०. ५ बाय १० इंच तुटण्याच्या बाबतीत पुरतं, पण त्याला २७ मिलिमीटर बाक येत होता, आणि लाकडाचा बाक वर्षानुवर्षं वाढत जातो. बाकाची मर्यादा आम्ही लांबीचा २४० वा हिस्सा धरली, इथं साधारण २४ मिलिमीटर. कौलारू छपराला यापेक्षा सैल राहू नये, कारण आढं वाकलं की कौलांच्या खाचा एकमेकांतून सुटतात. सागवान, मत्ती, नाणा यांतलं एवढ्या मापाचं एकसंध, सरळ, सुकलेलं नाट मिळणं अवघड. ओलं घेतलं तर ते छपरावर चढल्यावर पिळतं. झाड आपल्याच परड्यातलं असलं तरी तोडायला वनखात्याची परवानगी लागते, आणि चंदगडकडून आणायचं तर राज्याची हद्द ओलांडताना वाहतुकीचा पास. जुन्या वाड्याचं उतरवलेलं नाट मिळालं तर ते उत्तम, पण दोन्ही टोकं एकेक फूट कापून आतून पोकळ नाही ना ते बघावं. टोकं भिंतीत असतात, वाळवी तिथून शिरते.

लोखंडात आयएसएमबी १५० ला (१५० मिलिमीटर उंचीचा ‘आय’ आकाराचा गर्डर) ५.७ मीटरवर २९ मिलिमीटर बाक, म्हणजे बाद. १७५ ला १७, म्हणजे चालेल. ताकदीत १५० सुद्धा आरामात पास होतं, बाकाने मात्र नापास. फॅब्रिकेटर ‘एवढं वजन तर सहज घेतंय’ म्हणतो तेव्हा तो खरंच बोलत असतो, पण प्रश्न तुटण्याचा नसतो. १७५ चौकशी केली तिथं शिल्लक नव्हतं, आणि २०० घ्यायचं म्हणजे १५० पेक्षा मीटरला १० किलो जास्त.

इथपर्यंत सगळं आढ्याबद्दल झालं. खरा घोळ आढ्याच्या टोकाचा होता. नव्या बाजूची त्रिकोणी भिंत भार घेईल, पण घराकडच्या टोकाला पावणेनऊशे किलो कुणी घ्यायचे? गवंड्याने जुन्या भिंतीत भोक पाडून आढं आत सारायचं ठरवलं होतं. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीत असं एका जागी वजन ठेवायचं नाही, हा नियम न मोडता पाळावा. भोक पाडतानाच वरचे दोन-तीन चिरे सुटतात. दुसरं, नवा पाया पहिल्या एक-दोन पावसाळ्यांत थोडा बसतो, जुना बसून संपलेला असतो. दोन्ही घरं आढ्याने एकत्र बांधली की तो फरक जुन्या भिंतीत चीर होऊन निघतो.

म्हणून स्वतंत्र खांब. आणि खांब म्हटलं की त्याचा पाया. जुन्या भिंतीला खेटून खड्डा काढला तर जुन्या पायाखालची माती सुटते. जुना पाया जमिनीखाली अडीच फूट होता, तेवढंच खोल गेलो, त्याखाली नाही. आणि खांब भिंतीपासून २ फूट अलीकडं घेतला. अडीच फूट चौरस, १ फूट जाडीचा पाया, खाली ४ इंच कच्चं काँक्रीट, आणि वरच्या १ फुटी जाडीत १० मिलिमीटरच्या सळ्या दोन्ही दिशांना ६ इंचांवर. खानापूरच्या तांबड्या, मुरमाड जमिनीला एवढं पुष्कळ. काळ्या रानात हेच माप चालणार नाही, तिथं फुगणाऱ्या मातीखाली जावं लागतं.

खांब २ फूट अलीकडं आल्याने दोन गोष्टी एकदम सुटल्या. आढ्याचं अंतर ५.७ वरून ५ मीटरवर आलं, तिथं आयएसएमबी १५० चा बाक १७ मिलिमीटर, मर्यादा २१. मीटरला १५ किलोचा, दुकानात हमखास मिळणारा गर्डर बसला. साडेपाच मीटर तुकडा, वजन ८२ किलो, सहा माणसं आणि एक चेन पुली यात वर जातो.

दुसरी गोष्ट पन्हळीची. नवं छप्पर जुन्याला काटकोनात भिडलं की दोन्ही बाजूंना तिरकी पन्हळ येते. नव्या आढ्याची उंची १३ फुटांवर, जुनी वळचण ८ फुटांवर, म्हणजे नवं छप्पर जुन्या पाख्यावर भिंतीच्या आत ७ फुटांपर्यंत चढलं असतं. तिथली जुनी कौलं काढा, जुन्या वाशांवर नवा भार ठेवा, कौलं तिरकी कापा. तिरकी पन्हळ मुळात छपराच्या उतारापेक्षा सपाट असते, कापलेली कौलं तिथं नीट बसत नाहीत, आणि वानरांनी एखादं सरकवलं की पाणी थेट माजघरात. त्याऐवजी नवं छप्पर खांबाच्या रेषेतच संपवलं. खांब आणि जुनी भिंत यांच्यामधल्या २ फुटी पट्ट्यावर आडवी पत्र्याची पन्हळ टाकली. जुनी वळचण तिच्यात पागोळ्या सोडते, नवी पाखी आपापल्या बाजूला. दोन्ही छपरं कुठंच शिवत नाहीत. पट्ट्याखाली ७ फूट उंची उरते, तिथं दार आणि दोन बाजूंना भिंतीतली कपाटं. खांब कपाटाच्या कडेत गेला, खोलीत आडवा येत नाही.

पन्हळ आतून १८ इंच रुंद, ६ इंच खोल ठेवली. माणूस आत उभा राहून पाला काढू शकला पाहिजे, हे रुंदीचं खरं कारण. जुन्या पाख्याचं २२ चौरस मीटर पाणी तिच्यात येतं. तासाला १०० मिलिमीटरचा झोडपा धरला तर मिनिटाला ३७ लिटर, दोन टोकांना ४ इंची पाईप त्याला भरपूर. मध्यापासून दोन्हीकडं उतार, सव्वासात फुटांत दीड इंच. आधार ८० बाय ४० च्या ३.२ मिलिमीटर जाडीच्या दोन चौकोनी नळ्यांचा, दोन्ही टोकांना नव्या भिंतींवर आणि मधे खांबातून काढलेल्या ब्रॅकेटवर. जुन्या भिंतीपासून चौकट १ इंच सुटी. तेवढी फट झाकायला वर पत्र्याची पट्टी, जी फक्त जुन्या भिंतीत खाच मारून बसवली आहे. नव्या बाजूला ती नुसती लोंबते. दोन्हीकडं पक्की केली असती तर पहिल्याच हालचालीत फाटली असती.

खांब ४ बाय ४ इंची, ४ मिलिमीटर जाडीचा, मीटरला पावणेबारा किलो. आढ्याच्या ८०० किलोसाठी ३ इंची पुरला असता. पन्हळीचा ब्रॅकेट खांबाला वाकवतो, म्हणून ४ इंची. खाली १० मिलिमीटरची पाटी, चार १६ मिलिमीटर बोल्ट, आणि पाटी फरशीच्या ४ इंच वर काँक्रीटच्या ठोकळ्यावर. फरशीत बुडवलेला लोखंडी खांब तिथंच गंजतो, फरशी पुसण्याच्या पाण्यानेसुद्धा.

भिंतींच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा, ६ इंच जाड, चार १० मिलिमीटर सळ्या, ६ मिलिमीटरच्या रिंगा ६ इंचांवर. त्रिकोणी भिंतीच्या दोन्ही तिरक्या कडांवरही तोच पट्टा नेला. आयएस १८९३ या भूकंपासाठीच्या मानकाच्या २०१६ च्या नकाशात बेळगाव तिसऱ्या भूकंप क्षेत्रात आहे, आणि भूकंपात सर्वांत आधी पडते ती वर सुटी राहिलेली त्रिकोणी भिंत. त्याच भिंतीच्या शेंड्याला १८ इंच लांब, ९ इंच रुंद, ६ इंच जाड ठोकळा ओतून त्यावर आढं बसवलं. छपराची १ फुटी झेप धरून तिथं ९०० किलोच्या आसपास येतात.

वाशांचे बोल्ट या पट्ट्यातच ओतून ठेवायचे असतात, ‘जे’ आकाराचे १२ मिलिमीटरचे, वाशाला दोन. इथं चूक झाली. बोल्ट नुसते सळ्यांना बांधले होते, काँक्रीट ठासताना तीन ठिकाणी ते २० मिलिमीटर सरकले. फॅब्रिकेटरच्या माणसाने पाटीचं भोक गॅसने मोठं करायला घेतलं होतं. तसं केलं तर नट त्या भोकात बसतो आणि वारा छप्पर उचलतो तेव्हा पाटी त्यातून निसटते. ते थांबवून ६ मिलिमीटर जाडीचा, बरोबर भोकाचा चौकोनी वॉशर वरून बसवून चारी बाजूंनी वेल्ड करून घेतला. मुळात बोल्टच्या जागा पाडलेली प्लायची पट्टी साच्यावर ठोकली असती तर हे झालं नसतं. पट्टीला अर्धा तास लागतो.

वासे ६० बाय ४० च्या नळ्या, २.९ मिलिमीटर जाड, मीटरला ४ किलोच्या थोडं वर. ७० सेंटिमीटरवर एक, म्हणजे नऊ जोड्या, अठरा वासे. वळचण भिंतीबाहेर २ फूट धरून एक वासा ३.३ मीटर होतो. नळी येते ६ मीटरची, तिच्यात दोन वासे बसत नाहीत, पावणेतीन मीटरचा तुकडा उरतो. फॅब्रिकेटरने हिशेबाने सुचवलं, वळचण १५ इंचांवर आणा, एका नळीत दोन वासे निघतील. लोखंड वाचतं हे खरं. पण पश्चिमेकडच्या पावसात १५ इंचांच्या वळचणीखालची भिंत चार महिने ओली राहते आणि चिरा पाणी धरून ठेवतो. वळचण २ फूटच ठेवली, उरलेले तुकडे पन्हळीच्या आणि कपाटांच्या चौकटींत वापरले.

आढ्याच्या बाबतीत सर्वांत जास्त लक्ष द्यायची जागा म्हणजे वाशाचं वरचं टोक. गर्डर असूनही वासे त्याच्या बाजूला नुसते चिकटवले, चार ठिकाणी वेल्डचे टिपके दिले, तर ते काम आढ्याचं राहत नाही, भार टिपक्यांवर जातो. गर्डरच्या वरच्या पट्टीवर ५० बाय ५० बाय ६ च्या अँगलचा तुकडा, त्यावर वासा बसलेला, आणि दोन्ही बाजूंचे वासे वरून ६ मिलिमीटर पट्टीने जोडलेले. खालचं टोक भिंतीवर आडव्या पाटीवर बसवायचं, तिरक्या कडेवर नाही. काही जण आढं म्हणून ५० बाय ५० ची नळी घालतात. ती वासे ओळीत धरायला बरी, पण ५ मीटरवर ती भार घेत नाही. सगळा रेटा परत भिंतीवर जातो आणि दिसायला मात्र सगळं सारखंच दिसतं.

नळ्यांची उघडी टोकं पत्र्याने बंद करून घ्यावीत. पावसाची वाफ आत शिरते, नळी आतून गंजते आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो. वेल्डवरचा मळ ठोकून काढल्याशिवाय प्रायमर लावू देऊ नये. रिपांच्या २ मिलिमीटर नळीला जाड रॉडने भोक पडतं, तिथं अडीच मिलिमीटरचा रॉड वापरायला सांगावं.

रिपा २५ बाय २५ च्या. अंतर पुस्तकातून घेऊ नये. आणलेल्या ढिगातली बारा कौलं जमिनीवर एका ओळीत मांडायची, आधी एकमेकांत घट्ट सारून पहिल्याच्या वरच्या कडेपासून शेवटच्याच्या वरच्या कडेपर्यंत माप घ्यायचं, मग खाच न सुटता जेवढी ओढता येतील तेवढी ओढून. दोन्हींच्या मधलं माप धरून अकराने भागायचं. इथं साडेबारा इंच आलं. प्रत्येक कारखान्याचं कौल वेगळं पडतं, जुन्या घराची उतरवलेली कौलं नव्यात मिसळता येत नाहीत. वळचणीची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा कौलाच्या जाडीएवढी उंच हवी, कारण तिच्यावरच्या कौलाखाली दुसरं कौल नसतं. ती तशी न उचलल्याने पहिली ओळ खाली झुकते आणि दुसऱ्या ओळीशी फट पडते. एका पाख्याला अकरा रिपा, दोन्ही मिळून १२३ मीटर.

छपराचं क्षेत्र ३७ चौरस मीटर, चौरस मीटरला १५ कौलं, म्हणजे ५५५. फुटीसह ६०० मागवली, कोने १८. एकूण लोखंड आढं, खांब, वासे, रिपा आणि पन्हळीची चौकट मिळून साडेसहाशे किलोंच्या घरात.

कौलं चढवताना दोन्ही पाखी एकदम भरायची, इकडं एक ओळ, तिकडं एक ओळ. एक पाखं पूर्ण भरून दुसरं रिकामं ठेवलं की गर्डर एका बाजूला पिळतो. कौलांचा ढीगही एका जागी रचू नये. वळचणीच्या दोन ओळी आणि त्रिकोणी भिंतीवरच्या कडेच्या ओळी प्रत्येक कौलाच्या भोकातून जस्ती तारेने रिपेला बांधल्या. मे महिन्यातला वळीव आधी वाऱ्याने येतो, आणि तो कडेचीच कौलं उचलतो. म्हणूनच छपराचं काम अक्षय तृतीयेच्या आत संपवायचा हिशेब ठेवला. भिंती त्याआधी उन्हाळ्याच्या तोंडाला पुऱ्या झालेल्या हव्यात, काँक्रीटच्या पट्ट्याला तीन आठवडे पाणी मिळालेलं हवं.

कौलं चढवण्याआधी आढ्याच्या दोन टोकांमध्ये खालून दोरी ताणून मधलं अंतर मोजून ठेवलं होतं. सगळी कौलं बसल्यावर पुन्हा मोजलं, ८ मिलिमीटर बाक. कोरड्या कौलांच्या खऱ्या वजनाने हिशेबात तेवढाच येत होता. ऑगस्टमध्ये, कौलं पाण्याने भरलेली असताना, ९ मिलिमीटर. दोरीचे दोन खिळे तसेच ठेवलेत, दर पावसाळ्यानंतर माप घेता येतं. जुन्या भिंतीच्या आणि पन्हळीच्या मधली १ इंचाची फट त्या पहिल्या पावसाळ्यात एका टोकाला २ मिलिमीटरने वाढली, पट्टी जागेवर राहिली. पन्हळीतल्या पाईपांच्या तोंडावर जाळी सपाट न लावता उभ्या टोपलीसारखी लावली आहे, कारण सपाट जाळीवर फणसाचं एकच पान बसलं तरी तोंड बंद होतं. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला ती हाताने साफ करावी लागते.